नदीवर गळ टाकायचाय, पण वाट कुणाची? मुंबईच्या हौशी गरवणाऱ्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

मुंबईतच एखादी नदी आहे का, जिथे सरळ जाऊन बसता येईल?

नावाला चार आहेत: मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा. चौघींचं मूळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेल्या आरेच्या डोंगरांत आहे. उगमाकडचं पाणी स्वच्छ, पण ते बहुतेक राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, तिथे मासेमारीला मनाई. उद्यानाबाहेर पडल्यावर मनाई संपते आणि गटार सुरू होतं. मिठीत काही हलताना दिसलंच तर ती चिलापी किंवा मांगूर असते. ते मासे काहीही सोसून जगतात, पण त्यावरून ते खाण्याजोगे आहेत असा अर्थ काढू नका.

तेव्हा मुंबईकराची नदी म्हणजे ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यातली नदी. बदलापूर, वांगणी, नेरळ पट्ट्यात उल्हास, टिटवाळ्याला काळू, खडवली-वासिंदला भातसा, पश्चिम रेल्वेवर वैतरणा आणि पालघरकडे सूर्या, खोपोलीहून पाताळगंगा, कोलाडला कुंडलिका. पुढचे सगळे प्रश्न यांच्याबद्दलचे आहेत.

नदी सरकारची असते ना? मग अडवणारे हे कोण?

सगळा घोळ या एका प्रश्नात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, तलाव, त्यांचं वाहतं-साचलेलं पाणी आणि भरतीरेषेखालचा खाडीचा तळ, यातलं जे कुणा व्यक्तीच्या मालकीचं नाही ते सगळं राज्य सरकारचं. इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पण नदीवर जाताना तुम्ही एक नाही, तीन मालकांना भेटता. पाणी कुणाचं, पाण्यापर्यंतची जमीन कुणाची आणि त्या पाण्यातला मासा धरायचा हक्क कुणाचा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी निघू शकतात. पाणी सरकारी, काठ शेतकऱ्याचा आणि मासे मच्छीमार सोसायटीचे, अशी जागा मुंबईपासून दोन तासांवर कुठेही सापडेल. "नदी काय तुमच्या बापाची आहे का" असं म्हणत शेतात घुसणाऱ्याला यातलं पहिलंच उत्तर माहीत असतं. शेतकऱ्याला दुसरं माहीत असतं आणि त्या जागी त्याचंच बरोबर असतं.

मग हक्काची वाट शोधायची कशी?

आधी गावाने स्वतःसाठी ठेवलेल्या जागा बघा. प्रत्येक नदीकाठच्या गावाला पाण्यावर उतरायची जागा लागतेच: गणपती विसर्जनाचा घाट, कपडे धुण्याची जागा, देवळाच्या पायऱ्या, स्मशानभूमीमागचा उतार, गुरं पाण्यावर न्यायची वाट. यातल्या बहुतेक जागा गावठाणात किंवा सार्वजनिक जमिनीवर असतात आणि तिथे बसलेल्याला सहसा कोणी उठवत नाही. स्मशानाजवळ मासे चांगले लागतात असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला तरी त्याचं कारण एवढंच दिसतं की तिथे कोणी गोंगाट करत नाही.

कोल्हापुरी बंधारे आणि छोट्या रस्त्यांचे जुने पूल ही दुसरी खूण. बंधाऱ्यापर्यंत सरकारी वाट असते, कारण पावसाळ्याआधी फळ्या काढायला आणि नंतर बसवायला माणसं जातात. बंधाऱ्याच्या भिंतीवर मात्र बसू नका. शेवाळ असतं आणि खालच्या बाजूला पाणी आत ओढतं.

तिसरी खूण म्हणजे गाव नकाशा, आणि हौशी लोक नेमका तोच बघत नाहीत. सातबारा महाभूलेख आणि गटांचे, म्हणजे जमिनीच्या नंबर दिलेल्या तुकड्यांचे, नकाशे महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळांवर घरबसल्या दिसतात. जुना गाव नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मिळतो. त्यावर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. ती तुटक रेषा बोटाने धरून नदीपर्यंत नेऊन बघा. कर्जत तालुक्यातल्या एका गावाचा नकाशा आम्ही असाच पसरला होता. डांबरी रस्त्यापासून निघालेली एक तुटक रेषा दोन गटांच्या मधून नदीच्या वळणावर जाऊन थांबत होती. प्रत्यक्षात तिथे निवडुंग माजलेला, त्यात दारूच्या बाटल्या, आणि पलीकडे एक आजोबा बैल धूत बसलेले. "ही वाट आहे का हो बाबा?" विचारलं तर म्हणाले, "वाट नाय तर काय? माझा बैल उडत आला का?" त्या दिवसापासून आम्ही त्याच वाटेने उतरतो.

फार्महाऊसवाल्याने थेट पाण्यापर्यंत कुंपण घातलंय. ते ओलांडलं तर चालेल?

नाही. कुंपण बेकायदा असलं तरी ते मोडायचा किंवा ओलांडायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही.

नेरळ-कर्जत पट्ट्यात हा त्रास खरा आहे. नदीचा सुंदर काठ बघून प्लॉट पडतात, भिंत वाढत वाढत पात्रात उतरते आणि 'खाजगी किनारा' अशी पाटी लागते. उंबराखालचा डोह असा पाटीमागे गेलेला बघितला की राग येतो. नदीचं पात्र विकत मिळत नाही. पण पात्र कुठे संपतं आणि गट कुठे सुरू होतो हे डोळ्यांनी ठरवायच्या फंदात पडू नका. नदी कूस बदलते, काठ खचतो, आणि आज वाळू दिसते ती जमीन सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावावर निघते. हद्द मोजणीनेच ठरते.

नकाशावरची वाट कुणी बंद केली असेल तर गावातल्या लोकांनी, शक्यतो ग्रामपंचायतीच्या ठरावासह, तहसीलदारांकडे अर्ज करावा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आणि महसूल अधिनियमाचं कलम १४३ या दोन गोष्टींचा वाटेच्या भांडणात उल्लेख होतो, पण ती दोन्ही प्रामुख्याने शेतकऱ्याला त्याच्या शेतात जायला वाट मिळावी म्हणून आहेत. मुंबईहून गळ घेऊन आलेल्याला कलम १४३ खाली वाट मागता येत नाही. गावाची वाट मोकळी झाली की तुमचीही होते, म्हणून अर्ज गावाचाच असू द्या.

पात्र कोरडं असताना पात्रातूनच चालत गेलं तर?

पात्र सरकारी असल्यामुळे पूल किंवा घाटावरून उतरून पात्रातून वर-खाली चालणं हा बऱ्याचदा सर्वांत सरळ मार्ग असतो. दोन गोष्टी सांभाळा. उन्हाळ्यात पात्रात आणि धरणांच्या उघड्या पडलेल्या गाळात लोक भाजी, कलिंगडं लावतात. त्या वाफ्यांतून चालू नका, त्यांच्याकडे त्या जमिनीचा परवानाही असू शकतो. दुसरी गोष्ट पाण्याची, तिच्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

गळ टाकायला परवाना लागतो का?

सगळ्या राज्यात चालेल असा गळाचा एकच परवाना नाही. परवानगी त्या त्या पाण्याची असते. वाहत्या नदीवर, जिथे ठेका नाही, अभयारण्य नाही, राखीव वन नाही, तिथे एका माणसाने हातगळाने गरवण्याला सहसा हरकत घेतली जात नाही. पण महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० खाली सरकार विशिष्ट पाण्याला नियम लावू शकतं, म्हणून जागा नवीन असेल तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारून घ्या. रायगडचं कार्यालय अलिबागला आहे.

जाळं टाकलंत, पाग मारलात, की तुम्ही हौशी राहत नाही. सुरुंग आणि विष तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. बॅटरीचा शॉक देऊन मासे मारणारी मंडळी दिसली तर त्यांच्या शेजारी बसून फोटोही काढू नका. पोलीस येतात तेव्हा सगळ्यांनाच उचलतात.

धरणाच्या तलावावर?

आधी धरण कुणाचं ते बघा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, विहार, तुळशी, भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा येतात. यातले पहिले पाच महापालिकेचे, शेवटचे दोन राज्य सरकारचे. पालिकेच्या तलावांवर पहारा असतो आणि पिण्याचं पाणी असल्यामुळे परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. शिवाय विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानात आहेत, तानसाभोवती अभयारण्य आहे. ओळखीचा वॉचमन सोडतो म्हणून जाणारे आहेत. ओळखीने सोडणं ही परवानगी नव्हे.

राज्य सरकारच्या धरणांत मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि तो बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरते, कटला-रोहूचं बोटुकलं, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते, वर्षभर राखण करते. त्या पाण्यातला मासा हा तिचा माल आहे. मात्र संस्थेच्या सचिवाला भेटून विचारलं तर दिवसाचे काही पैसे घेऊन गळाला परवानगी देणाऱ्या संस्था आहेत. पावती मागा, अगदी वहीतल्या कागदावरची का असेना. दुपारी दुसरा सभासद हटकायला आला की तो कागद कामी येतो.

खाजगी शेततळं असेल तर तिथे वाद घालायलाच जागा नाही. बंदिस्त पाण्यातला मासा मालकाचा असतो आणि न विचारता काढला तर ती चोरी ठरते.

आणि पवई?

मुंबईच्या हद्दीत गळाची रीतसर सोय शोधत असाल तर पवई तलावच. १८९० च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव पुढे त्या कामाचा राहिला नाही आणि तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन अनेक दशकं गळाची मासेमारी चालवत आली आहे. सभासदत्व आणि नियम त्यांच्याकडूनच समजून घ्या. काठावरून चोरून टाकणारेही दिसतात. त्यांना एवढंच सांगणं आहे की पवईत मगरी आहेत, आणि पाय पाण्यात सोडून बसायची ती जागा नाही.

आदिवासी पाड्याजवळच्या डोहावर गेलो तर लोक नाराज होतात. का?

कारण तो डोह त्यांच्या रोजच्या कालवणाचा असतो. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये पाणवठ्यातले मासे आणि इतर उपज वापरायचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. शहापूर, वाडा, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याने लहान पाणवठ्यांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला अधिकार आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे कर्जत-खालापूरकडच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांना पेसाचा आधार मिळत नाही, वनहक्काचा मिळतो.

शहरी हौशी माणूस इथे सगळ्यात जास्त चुकतो असं मला वाटतं. कातकरी बाई हाताने दगडाखालचे मासे आणि खेकडे चाचपत असते, आणि आपण तिच्या वरच्या बाजूला जाऊन पाणी ढवळतो. पाड्यावर आधी जा, एखाद्या दादाला सोबत घ्या, त्याला दिवसाची मजुरी द्या. डोह कुठे खोल, कुठे कपार, मरळ कुठल्या झुडपाखाली असते, हे तो जे सांगेल ते तुमच्या मोबाइलमध्ये नाही.

नदी जंगलातून जात असेल तर?

राखीव वनात नियम मोडून मासे धरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. हिरवी पाटी, दगडी बुरूज किंवा वनखात्याचं फाटक दिसलं की तिथून पुढे परिक्षेत्र कार्यालयात विचारल्याशिवाय जाऊ नका. खाडीकाठच्या कांदळवनालाही हे लागू आहे. सरकारी जमिनीवरचं बरंचसं कांदळवन वन म्हणून अधिसूचित झालंय आणि ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. बसायला जागा हवी म्हणून तिवराची फांदी तोडणं महागात पडतं.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी आपल्यालाही लागू आहे का?

१ जून ते ३१ जुलै ही बंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी आहे, नदीकाठच्या गळासाठी नाही. तरीही त्या दिवसांत नदीवर तुमची गाठ दोन गोष्टींशी पडते.

पहिली वलगणीची. पहिला जोरदार पाऊस झाला की मासे अंडी घालायला नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात चढतात. गावात रात्री बत्त्या घेऊन लोक निघतात, आणि त्या माशांची चव काय असते हे ज्याने खाल्लं त्याला विचारा. गावाची ती जुनी रीत आहे, तिच्यावर मी बोलणार नाही. पण आपण शहरातून गाड्या भरून जाऊन अंड्याने फुगलेली मादी उचलून आणायची, याला काही अर्थ नाही. मी तरी जून-जुलैत गोड्या पाण्यावर जात नाही.

दुसरी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांची. पावसाळ्यात धबधबे, धरणं, नदीकाठची पर्यटनस्थळं यांवर जमावबंदीसारखे आदेश निघतात, हल्ली भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. आदेश असला की घाट सार्वजनिक असून उपयोग नाही. शुक्रवारी स्थानिक पोलीस ठाण्याला फोन करून विचारलंत तर रविवारची फेरी वाचते.

पुलावरून गळ टाकता येतो का?

रेल्वे पुलावरून मुळीच नाही. रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. वैतरणा आणि भाईंदर-नायगावच्या पुलांवर लोक चालताना दिसतात म्हणून ती वाट होत नाही. रस्त्याच्या पुलावर वाहतुकीला अडथळा झाला की पोलीस हटवतात. पुलाखाली उतरा. सावलीही तिथेच असते आणि खांबांमागच्या संथ पाण्यात मासाही.

पाऊस नसताना पाणी अचानक वाढलं, असं कसं होतं?

वीज तयार झाली म्हणून. भिवपुरी, खोपोली आणि भिरा इथली टाटांची जलविद्युत केंद्रं घाटावरच्या धरणांचं पाणी कोकणात सोडतात. भिवपुरीचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, पेज नदीतून उल्हासला मिळतं, खोपोलीचं पाताळगंगेला, भिऱ्याचं कुंडलिकेला. या नद्या मे महिन्यातही वाहत्या दिसतात त्या यामुळे. कोलाडचं राफ्टिंगही भिऱ्याच्या सकाळी सुटणाऱ्या पाण्यावरच चालतं. वीजनिर्मिती वाढली की निरभ्र आभाळाखाली पाणी चढतं. ज्या खडकावर कोरड्या पायांनी गेलात तो तासाभरात बेट होऊ शकतो. काठावरच्या दगडावर ओली रेघ बघून ठेवा. ती बुडाली की गुंडाळा.

पावसाळ्यात भातसा आणि बारवी धरणांच्या विसर्गाचं तसंच. खडवलीला बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात.

महाशीर, म्हणजे खडस, लागला तर?

सोडून द्या, आणि पाण्यातच सोडा. त्याला काठावर आपटून फोटो काढू नका. सह्याद्रीतल्या नद्यांतून तो कमी होत गेलाय. टाटा पॉवर लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करते. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत तर हे देवीचे मासे आहेत. पाण्यात खाऊ टाकला की काळ्या पाठी एकमेकींवर चढतात. कोणी धरत नाही, कायद्याने नाही, देवीच्या धाकाने. गळ गाडीतच ठेवा.

गळाला कासव लागलं तर दोर गळाजवळ कापून सोडा. आपल्याकडची गोड्या पाण्यातली मऊ पाठीची कासवं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, "घरी टाकीत ठेवतो" हे चालत नाही.

कोणी येऊन हटकलं तर काय बोलावं?

गळ गुंडाळत बोला. "जमीन कुणाची आहे काका, कुणाला विचारावं लागेल?" एवढं पुरतं. जमिनीचा मालक किंवा सोसायटीचा माणूस असेल तर निघा, पुढच्या वेळी विचारून या. पैसे मागणारा कुणीही उपटसुंभ असेल तर पावती मागा, बहुतेक वेळा तोच निघून जातो. कलमं पाठ म्हणून दाखवू नका. काठावर कलम सांगणाऱ्याला त्या गावात दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

एखाद्या पाण्याचा ठेका कुणाकडे आहे हे लेखी कसं मिळेल?

माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि उत्तराची मुदत तीस दिवस. मत्स्यव्यवसाय कार्यालयाला तलावाचं नाव, तालुका देऊन तीनच गोष्टी विचारा: ठेका आहे का, कुणाला, कधीपर्यंत. 'इथे मासेमारी करता येईल का' असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण ते सल्ला मागणं झालं, माहिती नव्हे.

पकडलेला मासा खावा का?

कुठे पकडला त्यावर. बदलापूरच्या वरच्या अंगाची उल्हास, शहापूरची भातसा, वाड्याकडची वैतरणा इथला मासा मी घरी आणतो. अंबरनाथ-उल्हासनगरचं सांडपाणी मिळाल्यानंतरची उल्हास, रसायनीच्या खालची पाताळगंगा, रोहा-धाटावच्या खालची कुंडलिका इथला आणत नाही. पाण्याला रॉकेलसारखा वास आला किंवा काठावर फेस साचलेला दिसला तर गळ उघडायचंही कारण नाही.

जास्त मिळाले तर विकता येतील का?

विकू नका. विकलेत की तुम्ही त्या नदीवर पोट असलेल्यांच्या धंद्यात उतरलात, आणि मग सोसायटी तुमच्याशी हौशी माणसासारखी वागणार नाही. चार मासे वाट दाखवणाऱ्याच्या घरी द्या.